जगावं म्हणून टोचलेलं नाक

नातवाला न जुळणारं रक्त पुण्याच्या दवाखान्यात देऊन बिरू धनगराला काय मिळणार होतं? बायकोची बोलणी, आणि ती कापूरहोळला भोरच्या यष्टीची वाट बघताना मिळतच होती.

“आपल्या रायबाला तुमचं जुळंना, मग दिलंच कशाला?”

“त्याला कुण्या टांगेवाल्यानं दिलं, म्हणून पोर वाचलं. मग म्या हात आखडता घिऊ? माजं एका बाळंतिणीला लावलं.”

“आन् आता मेंढरामागं डोंगर कोण चढणार?”

“म्याच. रगात पुन्यांदा भरून येतं, सारजे. डाक्टरच म्हणला.”

“माजंच चुकलं. पयला नातू गेला, ह्यो तरी जगावा म्हणून म्याच नाक टोचाया लावलं. आन् रगात थांबंना.”

“दुखणं रगतातच हाय. आईकडनं पोरात उतरतंय.”

“म्हंजी लेकीकडनं. आन् तिला माज्याकडनं! माजा भाऊबी असाच गेला.”

“अगं, पोराचं हसूबी तुज्याकडनंच आलंय. त्येचंबी पाप लावून घेतीस व्हय?”

“पुन्यांदा रगात लागलं तर?”

“कुणीतरी दील की. म्या न्हाई दिलं?”

एकूण हिशेब असा, की रायबासाठी टांगेवाल्यानं दिलं, बाळंतिणीसाठी बिरूनं दिलं, आणि सगळ्यांच्या वाटचा पदर सारजाबाईनं एकटीनं भिजवला.