बारा दाणे तांदूळ

हललं नाही हो! उलटी केली, ठोकली, टेबलावर आपटली, हातात मीठदाणी गच्च भरलेली आणि तुम्हाला सांगतो, मीठ हललं नाही!

चाळीस वर्षं दिमोनाच्या वाळवंटात काढली. तिथे मीठ कसं सुरसुर पडायचं! आता मुलानं, मेईरनं, तेल अविवला समुद्राला चिकटून फ्लॅट घेतला आणि मिठाचा झाला दगड. नात ओरा कॉलेजात रसायनं शिकते, मला साबा म्हणते, म्हणजे आजोबा. ती म्हणते, "साबा, हवेत पाणी असतं. मिठाचे कण ते ओढून घेतात, ओले होतात, मग एकमेकांना धरून बसतात." अगं, पण मी झाकण लावलंय! "साबा, झाकणाला भोकं आहेत ना?" आता भोकं नसली तर मीठ पडणार कुठून, आणि असली तर पाणी शिरणार! शिकलेल्यांनो, बोला!

मी दुसरीत शाळा सोडली, पण रेवदंड्याला आई पावसाळ्यात मिठात काय टाकायची ते पाहिलंय. तांदूळ! दाणे पाणी शोषतात, मीठ मोकळं. मोजून बारा टाकले. कधी? ओराचे होणारे सासू-सासरे जेवायला यायचे, त्याच सकाळी. लग्नाची तारीख ठरायची होती... आणि चालू होता पेसाह, वल्हांडणाचा सण!

आपण बेने इस्रायल, कोकणातले यहुदी, पेसाहात भात खातो. ते व्याही अश्केनाझी, युरोपातले यहुदी, या सणात भाताला शिवत नाहीत. म्हणून सून नओमीनं आठवडाभर तांदळाचा डबा कपाटात कोंडून ठेवलेला, किल्ली कमरेला! ती किल्ली मी मागितली. कशाला, हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात ते जेवण नव्हतंच हो, ते मिठाचं औषध!

ओराच्या होणाऱ्या सासूबाई, बत्याबाई आल्या, यरुशलेमच्या, ताठ. मागे नवरा त्स्वी, मुलगा झेएव, म्हणजे आमचा नवरदेव. बाईंनी अंडं सोललं, मीठदाणी उलटी केली. मीठ हललं नाही! दाण्यांना काम करायला वेळ तर पाहिजे? बाईंनी ठोकली, मी म्हटलं, "जोरात!" जोरात ठोकली... झाकण उडालं! ढेकूळ बशीत, आणि अंड्यावर बसले माझे पांढरेशुभ्र दाणे!

"ओरेझ?" बाई म्हणाल्या. तांदूळ? ओरा पांढरी, नओमी लाल. झेएव छताकडे बघतोय. आणि मी, चाळीस वर्षं कारखान्यात ज्याला सगळे घाबरायचे तो मी, म्हणतो काय? "फक्त बाराच आहेत!"

बाई उठल्या. तारीख राहिली. ओरा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. चार दिवस!

पेसाह संपल्यावर त्स्वीनं समजूत घातली, मंडळी शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याला, राहायला आली. बाई बुधवारीच आल्या, पिशवीत स्वतःचं मीठ, स्वतःची मीठदाणी. "यरुशलेमचं आहे, अदोन शमशोन. कोरडं. यात काही टाकावं लागत नाही." अदोन म्हणजे श्रीयुत, शमशोन म्हणजे मी! मीठदाणी दोन दिवस खिडकीत, समुद्राकडे तोंड करून.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला, मी पावावर बेराखा, आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली. आता घास तोंडात जाईपर्यंत शब्द काढायचा नाही. पाव मोडला, त्यावर मीठ घालायची रीत, म्हणून बाईंची मीठदाणी उचलली, हलवली... तुम्हाला सांगतो, मीठ हललं नाही! सगळे गप्प, बोलायची बंदी, आणि माझ्या पोटात हसू असं उकळतंय की पाव थरथरतोय, पण मीठ नाही! नओमीनं पदर तोंडात कोंबला. त्स्वीचे खांदे हलताहेत. सगळं हललं हो, मीठ सोडून!

जेवणानंतर बाई स्वयंपाकघरात आल्या. दाराकडे बघून हळूच, "किती दाणे?"

"बारा," मी म्हटलं.

तारीख ठरली. लग्न झालं. आता बाई अख्ख्या यरुशलेमला सांगत फिरतात, मिठात तांदूळ ही त्यांच्या पोलंडच्या आजीची युक्ती! पोलंडची! मी तोंड उघडलं तर ओरा म्हणते, "साबा, माझ्यासाठी गप्प बसा."

बसलोय ना गप्प. बघताय ना तुम्ही?