उक्ता घेतलेला पाय

जानराव : पाय दाखव.

पार्वताबाई : चहा थंडा होऊन राह्यला तुमचा. प्या आधी.

जानराव : चहा गेला खड्ड्यात. सकायपासून पाहून राह्यलो मी, टाच टेकवत नाही तू. इकडे कर पाय. अरे बापरे! पार्वते, हे काय वो? निरा काळं पडलं!

पार्वताबाई : एवढं कायले वरडता? संत्र्याचा काटा रुतला. पयल्या तोड्याची पूजा होती ना, बागेत अनवाणी गेल्ती मी. सुईनं काढला म्या, पण अर्धाच निंगाला. दुखत नाही काही.

जानराव : पूजेले आठोडा होऊन गेला! आन तुले शुगर! प्रियदर्शनी डॉक्टरीणबाईले सांगतलं?

पार्वताबाई : नाही.

जानराव : काहून?

पार्वताबाई : लाज वाटते.

जानराव : आता घ्या! पायाची कायची लाज?

पार्वताबाई : पायाची नाही वो, तिची. या महिन्यात किती खेपा झाल्या आपल्या? शुगर दाखवाले गेली, चक्कर आली तवा गेली. तुमच्या खोकल्याले तं ते पोरगी मोर्शीहून इथं घरी येऊन गेली. घटकाभर बसते, झोप लागते काय, जेवण जाते काय, सारं इचारते. आन मी पदराची गाठ सोडाले गेली का म्हणते, काकू, तुमी दवाखान्याचे मेंबर आहात, वर्गणी आली तुमची. असं रिकाम्या हातानं किती डाव जाव माणसानं? आपल्या धर्मपाल गुरुजीची पोरगी. एवढी शिकली, गावाकडे परत आली. तिले काय लुटाचं आपण?

जानराव : जमुना आठवते का तुले? तुही सख्खी बहीण?

पार्वताबाई : तिचं नाव काढू नका.

जानराव : काढीन. तेबी अशीच म्हणे, दुखत नाही, दुखत नाही. शेवटी अमरावतीले पाय कापा लागला. आता वॉकर धरून न्हाणीत जाते.

पार्वताबाई : म्हणूनच तं भेव वाटते मले! दाखवला का कापतीन. शब्द देला म्या जमुनेले. औंदा कार्तिकात कौंडण्यपुराले तुह्या वाटच्या पायऱ्या मी चढतो म्हणून. पायच नाही राह्यला तं काय चढू?

जानराव : रडू नोको. ऐक. आपला बगिचा औंदा कोणाले देला?

पार्वताबाई : आता बगिच्याचं काय मधात?

जानराव : सांग तं खरी.

पार्वताबाई : वामनराव व्यापाऱ्याले.

जानराव : कसा देला?

पार्वताबाई : उक्ता देला. फळ हिरवं होतं तवाच पैसे घेऊन मोकळे झालो आपण.

जानराव : हाव. म्हणजे पैसा आपला, फळ त्याचं. मंग भादव्यात फळगळ लागली, तवा वामनरावापासून लपवली का आपण? लाज वाटते म्हणून?

पार्वताबाई : लपवाची कायले? नुकसान त्याचंच होतं ना. तुमी त्याच घडीले फोन लावला.

जानराव : आन थो काय म्हणे? काहून तरास देला म्हणे?

पार्वताबाई : छ्या! फवाऱ्याचा पंप घेऊन पळत आला बिचारा. बरं झालं लवकर सांगतलं म्हणे.

जानराव : मंग? तसं या पोरीनं आपल्याले उक्तं घेतलं आहे, येडे! बाकीचे डॉक्टर किलोवर घेतात. माणूस जेवढा बिमार पडन तेवढी त्याहिची कमाई. इले वर्गणी पयलेच भेटली. आता आपण जेवढे ठणठणीत, तेवढं तिचं साधते. आन तू आठ रोज झाले, फळगळ लपवून राह्यली!

पार्वताबाई : मी काय संत्रं आहो?

जानराव : आहेस. जरा आंबट आहेस, पण आहेस.

पार्वताबाई : लावा मंग व्हिडिओवाला फोन. पण तुमी बोला, मी नाही बोलत.

प्रियदर्शनी : हॅलो, बोला जानरावकाका. खोकला पुन्हा आला का?

जानराव : खोकला गेला, बाई. तुमच्या काकूनं नवं काम काढलं. हा पाहा पाय.

प्रियदर्शनी : थांबा, फोन हलवू नका. जरा जवळ घ्या. काकू, दुखतं का?

पार्वताबाई : नाही माय, काहीच दुखत नाही.

प्रियदर्शनी : हेच नको होतं मला. शुगरमुळे तुमच्या पायाला कळतच नाही. काका, आत्ताच्या आत्ता निघा. त्यांना चालवू नका, गाडीवर बसवून आणा. मी वाट पाहते.

पार्वताबाई : खरं सांग, पोरी. कापसीन काय माहा पाय?

प्रियदर्शनी : खोटा धीर नाही देणार, काकू. काटा आत आहे, त्यात पू झालाय. हाडापर्यंत गेला असेल तर अमरावतीला न्यावं लागेल, आणि तिथला खर्च आपल्या वर्गणीत बसत नाही. मेंबर होतानाच सांगितलं होतं मी. पण तिथल्या सर्जनशी मी बोलेन, मी सोबत येईन. कोणाच्या तोंडाकडे पाहत बसायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

पार्वताबाई : आन हाडापर्यंत गेला नसन तं?

प्रियदर्शनी : तर मग हा पाय माझा! रोज सकाळी काका फोटो पाठवतील, मलमपट्टी मी स्वतः करेन. कधी तुम्ही या, कधी मी येते.

पार्वताबाई : रोजच्या रोज? एवढ्या खेपा, बाई...

प्रियदर्शनी : काकू, तुम्ही आठ दिवस गप्प का बसलात?

जानराव : लाजून राह्यली! रिकाम्या हातानं दवाखान्यात याले जीव होत नाही म्हणते!

पार्वताबाई : तुमी चूप बसा हो!

प्रियदर्शनी : अवो काकू! मी आधी मोठ्या दवाखान्यात होती ना, तिथं माणसाचं तोंड पाहायच्या आत चिठ्ठी लिहून व्हायची. जीव विटला माझा. म्हणून इकडे आली, म्हटलं थोडीच घरं घेईन, पण नीट पाहीन. आता तुम्हीच लपून बसल्या तर मी पाहू कोणाले?

पार्वताबाई : पाहा, वऱ्हाडी सुटली तिची. रागावली पोरगी.

प्रियदर्शनी : रागावलीच आहे मी! निघा!

पार्वताबाई : अवो, उभे काय राह्यले? गाडी काढा!

(रोजची मलमपट्टी संपली, जखम भरली. कार्तिक पौर्णिमा. कौंडण्यपूरचा घाट, जत्रेचा गलबला.)

प्रियदर्शनी : हॅलो? काकू? ऐकू येत नाहीये! काय झालं? जखम उघडली का?

जानराव : मी जानराव! चढली, बाई, चढली! खालपासून वरपर्यंत पुऱ्या पायऱ्या चढली! मलेच दम लागला, मी मागं राह्यलो! कुठी थांबली नाही, कोणाचा हात धरला नाही!

प्रियदर्शनी : खरंच? अनवाणी नाही ना चढल्या?

पार्वताबाई : अवो, इकडे फोन द्या हो. अनवाणी कायची? पायऱ्यांवर तू सांगतले थे बूट, आन देवळात मोजे. एक बाई हासली मले. म्हटलं हास बापा, पाय शाबूत आहे माहा!

प्रियदर्शनी : वा काकू! जिंकलो आपण!

पार्वताबाई : जमुना खाली गाडीत बसली आहे. वरून हात केला म्या तिले. फोनवर रडून राह्यली आन हासूनबी राह्यली. म्हणे, मलेबी घेते काय म्हणा तुही डॉक्टरीण.

प्रियदर्शनी : घेते म्हणावं. उद्याच आणा त्यांना. बरं, आता खरं सांगा. टाच दुखते का? सूज आली? लाजू नका.

पार्वताबाई : नाही वो.

प्रियदर्शनी : मग भर जत्रेतून फोन कशाला केला?

पार्वताबाई : काही नाही झालं, पोरी. तेच सांगाले केला.