एका हातानं धरायची काठी

नाई भाऊ, हेही जड हाय. — तुमाले नाई वाटणार जड, तुमी दिवसभर ताडपत्र्या अन् जाळ्याचे गठ्ठे उचलता. मले गळाची अशी काठी पाह्यजे का हातात हाय का नाई तेच समजू नये. हे काळी कशाची म्हणले? कार्बनची? नको बाप्पा, ताठ हाय सासूसारखी, वाकतच नाई. एखांद्या दिवशी बेशरमाच्या झुडपात अटकली का काट्कन मोडन. आमचा नाला केवढा, तं तुमच्या ह्या दुकानाएवढा रुंद, दोन्ही कडंनं झुडपं, अन् दिवाळी झाल्यावर पाणी निवळलं का गुडघाभर. तळाचे गोटे दिसतात. मासोळ्या बोटभर, चिलापी लागली तं नशीब. तिच्यासाठी एवढं मोठं हत्यार कायले? ते कोपऱ्यातली काढा बरं. पिवळी. धूळ बसली ते.

फायबरची हाय? अन् इतके दिवस तशीच पडली? — नागपूरच्या सायबानं मागवलती अन् न्याले आलाच नाई, पाहा आता. द्या इकडं. अगं माय! हे तं निंबाच्या ओल्या फोकावानी हाय, जराशी हालवली का शेंड्यापासून मुठीपर्यंत झुलते. अशी पाह्यजे. अन् याले गांडूळ नाई लागत म्हणता? पिसाची माशी? म्हणजे कोंबड्याचं पीस गळाले बांधायचं अन् मासोळीनं समजायचं का पाण्यावर माशी बसली? येडी असन तुमची मासोळी! पण बरं हाय बाप्पा, गांडूळ काई एका हातानं टोचता येत नाई, मी पाह्यलं हाय, भुईवर ठेवून अंगठ्यानं दाबून पाह्यलं तरी — काई नाई. गंमत म्हणून पाह्यलं. मी डावखुरी? नाई, नाई, कोण म्हणलं? डाव्या हातात धरली अशीच.

कोण? बाहेर बाकावर? — मले काय मालूम भाऊ. असन कोणी. बसमधून उतरला वाट्टे आमच्याच संगं, पाह्यल्यासारखा वाटते. बसू द्या ना, बाक कोणाच्या बापाचा हाय? मी आपली माह्या भावासाठी काठी पाह्याले आली. भावाले लय नाद, ट्रकवर होता ना, कोळशाचा ट्रक, इथंच वणीतून चंद्रपूरले जाचा, अन् वाटेत नदी दिसली का ट्रक बाजूले लावून हा गडी बांबूची काठी घेऊन पाण्यात पाय सोडून बसे. मालक फोनवर शिव्या देऊन राह्यला अन् हा म्हणे, टायर थंडे करून राह्यलो साहेब. असा माणूस. हसून हसून पोट दुखे. कुठी चालले? पाणी द्याले, त्या बाकावरच्याले? — द्या, द्या. पुण्य भेटन. मी पाह्यते तवर ह्या काठीकडं.

आले? लय येळ लावला. — नाई, काई घाई नाई, बस चार वाजता हाय. बरं मले हे सांगा, ह्या दोरा गुंडाळायच्या चकरीले दुसरा हात लागते का? लागते ना? तेच म्हणलं मी. एका हातानं काठी अन् दुसऱ्या हातानं दोरा ओढा, मंग नाई जमत ते. चकरीशिवाय नाई चालत? — शेंड्यालेच दोरा बांधायचा, काठीएवढा? अन् नुसता मागं-पुढं हालवला का दोराच पिसाले घेऊन जाते? म्हणजे एका हाताचं काम झालं! मंग चकरी काढून टाका, हे मुठीलेबी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून द्या. सटकते ना हातातून. त्याचा बांबू सटकला, नाल्यात गेला, अन् वाहत चालला, अन् हे काठावर उभे राहून पाहून राह्यले, धावता येत नाई ना, पाय ओढतात. गावचे पोट्टे हसले. मी तिथंच सगळ्याइसमोर ओरडली, म्हणलं चला घरी, तमाशा नका करू, शीलाचे बाबा, पुरे झालं तुमचं —

भाऊच म्हणलं होतं मी. हो. म्हणलं होतं.

नवरा हाय. आता काय लपवू, तुमचंही तोंड उतरलं. उकंडा नाव त्याइचं. लकव्यानं उजवी बाजू गेली मागच्या उन्हाळ्यात, हात गेला, पाय अर्धा गेला, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणे, डाव्या हाताले काम द्या, हसत-बोलत ठेवा. मी म्हणलं, हसवाले काय, आमच्या घरात तेच तं चाले. सेवा केली बरं मी, उगाच नका समजू, धुणंपुसणं, चमच्यानं भरवणं, सगळं केलं, घरात काईच नाई वाटलं मले. बाहेर वाटते. कोणी नवीन माणूस आला, त्यानं त्या ओघळणाऱ्या लाळेकडं पाह्यलं, का माह्या आंगाले काटे टोचतात. मी आंगणवाडीत काम करते ना, गावात लोकं पंचफुलाताई, पंचफुलाताई म्हणतात. त्या मोठेपणानंच घात केला माहा.

आमच्याकडं नवीन मॅडम आल्या पाहणी करायले. चांगली साडी, मोठी गाडी, सगळं हसून इचारे. अन् मी चष्मा घरी भुलली, रजिस्टरमधलं काई वाचताच येईना. तेवढ्यात दारात हे. चष्मा घेऊन आले, भाऊ, खिशात घालून, गावाच्या त्या टोकावरून ह्या टोकाले पाय ओढत. मले लागन म्हणून. शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या, एका हातानं काय लावतील, अन् हनुवटीवर ते ओघळ. मॅडमनं इचारलं, हे कोण? अन् मी — मी म्हणलं, गावातलाच हाय एक, येते असाच.

येते असाच म्हणलं मी. ज्याच्या संगं बुद्धवंदना घेऊन लग्न झालं, दोन लेकरं झाली, त्याले.

त्याइनं चष्मा उंबरठ्यावर ठेवला, वाकाले किती येळ लागला त्याइले, मॅडम पाहून राह्यल्या, मी पाहून राह्यली, उठून हातातून घेतला नाई मी. मंग वळले अन् गेले. हाच तो चष्मा, लावला हाय ना डोळ्यावर. तवापासून हे माह्याशी बोलले नाई. बोबडं बोलतात, पण बोलत होते ना, सकाळी उठलं का माह्या घोरण्याची नक्कल करत त्या वाकड्या तोंडानं. सगळं बंद. जेवतात, औषध घेतात, बोलावलं तिकडं येतात. भांडण केलं असतं तं बरं होतं. लेकीनं फोनवर इचारलं, बाबा काहून बोलत नाई, तं मी म्हणलं, लकवा हाय बाई, जीभ जड झाली. हेही खोटंच. लाज त्याइची नाई भाऊ, मले माही लाज वाटते, रोज ताट वाढतानी वाटते.

म्हणून म्हणलं काठी घेऊन द्यावी. आज सकाळी म्हणलं, चला वणीले, तुमच्यासाठी हलकी काठी पाहू. आले चुपचाप. बसमधी मी बायांच्या सीटवर बसली, ते मागं. उतरलो तं दुकानात चार गिऱ्हाईक दिसले, म्हणलं — म्हणलं तुमी बसा बाकावर, ऊन नाई तिथं, मी पाहून येते. तुमी मघाशी इचारलं, कोण हाय तो, अन् माहं तोंड आपोआपच — शिकून गेलं वाट्टे ते तोंड. पुन्हा तेच केलं मी. ह्याच दुकानात, ह्याच काठीसाठी आली अन् तेच केलं.

हो, खरं हाय तुमचं, काठी ज्याची त्यानंच धरून पाहावं लागते. बोलावते ना. बोलावते. आत्ता — काहून असे पाहून राह्यले तुमी माह्याकडं? मघाशी पाणी द्याले गेलते, तवा काई झालं का? पडले का ते? — नाई? मंग? तुमी इचारलं त्याइले? काय इचारलं? आतमधल्या बाईच्या संगं आले का म्हणून?

काय म्हणले मंग? मान हालवली? — बोलले? तोंडानं बोलले तुमच्याशी? नीट ऐका, बोबडं बोलतात ते, कोणालेच समजत नाई पह्यल्यांदा, मले समजते. काय शब्द होते, सांगा बरं एकदा, जसे म्हणले तसेच सांगा.

“नाई. ते बाई माह्या ओळखीची नाई. तिले माह्याबद्दल इचारू नका.”



नाई. कागदात गुंडाळू नका. पट्टी मंग बांधू. तशीच द्या ते काठी इकडं — अन् भाऊ, दारातून सरका जराशे. ओ शीलाचे बाबा!