घशाखाली अडकलेलं

सांगलीच्या पोटाच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी पलूसचे एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको बसली होती.

"डॉक्टरास्नी निस्तं जळजळतंय म्हणून सांगू नगासा."

"मग काय सांगू? पित्तच हाय. फौजेत असल्यापास्नं हाय."

"भाकरी घशाखाली अडकती, ते सांगा."

"कोण म्हणलं अडकती?"

"दिवाळीपास्नं दुधात कुस्करून खाताय. आदी दुधाचा वास बी खपत न्हवता."

"दाढ दुखती."

"आन् उशाला उश्या रचून बसल्यावानी झोपताय, ते बी दाढंपायी?"

सुभेदार खुर्चीतून उठू लागले.

"रंगू, माझ्या थोरल्या दादाला घशातनं दुर्बीण घातली आन् गाठ निघाली. घरी चल."

"दादा वरीसभर गोळ्या खात बसलं, मग आलं. तुमी आज आलाय."

"आन् काय निघालं तर?"

"तर आजच कळंल."

"सयाजी पवार, आत या. उपाशीच आहात ना?" नर्सनं दारातून हाक मारली, तसे सुभेदार आत गेले.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई त्यांच्यासोबत बाहेर आल्या.

"मावशी, गाठ दिसली नाही. आम्ल सारखं वर येऊन अन्ननलिकेला जखमा झाल्यात, त्यानं ती आतून आवळलीय. तुकडा तपासायला पाठवते. पण आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं. तंबाखू आजपासून बंद."

डॉक्टरीणबाई गेल्या.

"बघ, पित्तच हुतं. म्हणलं हुतं का न्हाई?"

"व्हय."

"मग ऊठ की आता."

"उठते. पायात बळ येऊ द्या जरा."