पैलगावची नावाडीण

— नाही हो ताई, मी काय म्हटलं? ‘पाय जपून, पायरी ओली आहे,’ एवढंच म्हटलं ना? आत्ताच पुसलीय म्हणून म्हटलं. त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे? या, आत या, कोट द्या इकडे — झिप गेलीय ना, दिसतंय, खालचे दात गेलेत — आणि अशा बघताय काय माझ्याकडे? कोण नावाडीण? — अरे देवा. तुम्ही तो खेळ खेळता? बसा. त्या पँटी खाली ठेवा स्टुलावरच्या आणि बसा. ‘पाय जपून, फळी ओली आहे.’ हो, मीच ती. नऊ वर्षं झाली त्याला. नुसत्या आवाजावरून ओळखलंत? कमाल आहे. शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने तो खेळ दोनदा संपवलाय म्हणे, आणि रोज माझ्याकडे कात्री मागायला येतो, त्याला नाही कळलं आजवर. मीही नाही सांगितलं. कशाला सांगायचं?

दादाचं काम ते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ — पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो, कुठली पाइप कुठून वळते ते. मूळ खेळ त्याच्या कॉलेजच्या वेळचा. राजा, तलवारी, गुहा, गुहेत आणखी एक गुहा — तुम्हाला मी काय सांगणार, मी तर कधी खेळलेही नाही. पण त्यात एक नदी होती ना? आणि नदीपलीकडे झाडं दिसायची, धुराची एक रेघ दिसायची, आणि काठावर गेलं की पाटी यायची — ‘पुढे रस्ता नाही’. झालं. दादाच्या डोक्यात किडा वळवळला. धूर आहे म्हणजे चूल आहे, चूल आहे म्हणजे माणूस आहे, मग रस्ता कसा नाही? नकाशेवाल्याला ते सहनच होईना. तेव्हा मला कळलं की लोक असल्या जुन्या खेळांत घरी बसून फेरफार करतात — कुणी नवी तलवार घालतं, कुणी घोड्याला पंख लावतं — मॉड म्हणतात ना त्याला? मी म्हटलं, अरे, हे तर अल्टरेशन! दुसऱ्याने शिवलेला कोट, आपण कमरेत सैल करायचा. तर म्हणतो कसा, ‘कमरेत नाही गं, मी अख्खी बाही जोडतोय.’

दोन वर्षं लागली बाही जोडायला. पैलगाव — नाव आईने दिलं. एकेचाळीस माणसांचं गाव, आणि मारामारी एकही नाही. लोक हसले असतील, नाही? तलवारीच्या खेळात एवढं मोठं गाव, आणि काम काय तर याचा निरोप त्याला सांग. पण सगळ्यांना आवाज हवा म्हणून दादा हटून बसला. खालच्या मजल्यावरचे मास्तर गावप्रमुख झाले, त्याच्या ऑफिसातला शिपाई चोर झाला — आणि इतका खूश झाला की महिनाभर त्याच आवाजात साहेबांना फायली देत होता. मला नावाडीण केलं. दोनशे बारा वाक्यं! आमच्या कपड्यांच्या कपाटात उभं करायचा मला, हिवाळी कोटांच्या मधे, म्हणजे आवाज घुमत नाही. आणि आई — आई ती पाव भाजणारी म्हातारी. हो, तीच, खिडकीतली. आईला कागदावरचं वाचायला दिलं की ती कागदाशीच भांडायची. ‘असं कोण बोलतं?’ म्हणायची आणि बदलून टाकायची. ते वाक्य आठवतं तुम्हाला, ‘राजा निघून गेला म्हणून मी रागावले नाही, पण माझं भांडं तरी परत द्यायचं’ — ते तिचं आहे. दादाने लिहिलेलं नाही. त्यावर आम्ही तिघं इतके हसलो की कपाटाची दांडी निसटली आणि सगळे कोट आईच्या अंगावर.

आई ना? बरी आहे. म्हणजे असेल. दादाकडे असते. — थांबा, ही झिप धातूची हवी की प्लॅस्टिकची? धातूची टिकते, पण थंडीत हाताला गार लागते. बघा, ठरवा. — तसं आमचं येणंजाणं नाही सध्या. आमच्यात थोडं झालं होतं. काही विशेष नाही, घरोघरी होतं तसंच. आईचं शिवणकामाचं दुकान होतं, मी तिच्याच हाताखाली शिकले, सोळा वर्षं तिथे काढली, मग मला वाटलं आपलं स्वतःचं टाकावं. टाकलं. एवढंच. गिऱ्हाइकं आपणहून आली माझ्याकडे, मी काही कुणाला बोलवायला गेले नव्हते. आई म्हणाली, ‘माझ्याच हाताखाली शिकलीस आणि माझ्याच पोटावर पाय दिलास.’ मी काही बोलले नाही. — बोलले. काय खोटं सांगायचं. तिच्या दुकानात दोन बायका मापं द्यायला उभ्या होत्या, त्यांच्यासमोर म्हटलं, ‘तुला दिसत नाही आता, आई, तुझी शिवण वाकडी येते.’ खरंच येत होती हो वाकडी! तीन वर्षं रोज ती गेली की मी तिची शिवण उसवून परत घालत होते, तिला कळू न देता. पण चारचौघांत बोलायचं नव्हतं ना. मी दार ओढून घेतलं. ती खाली बघत टाचण्या वेचत राहिली.

आठ महिन्यांनी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी गेले ना दवाखान्यात, दोनदा गेले — वॉर्डच्या दारापर्यंत. आत नाही गेले. झोपली होती ती. पहिल्या वेळी झोपली होती. दुसऱ्या वेळी — जाऊ दे.

काय म्हणालात? कुठला प्रसंग? म्हातारीच्या दारातला? ‘पोरी, मी रागावले नाही, ये’ — तो? रडलात तुम्ही तिथे? सगळेच रडतात म्हणे. चष्मेवाला म्हणतो, मी चष्मा काढून पुसला. रडा, तुम्हाला काय जातं! ऐका आता, तुम्ही रडलात ना, मग त्यामागची गोष्टही ऐका. आई घरी आल्यावर तीन महिन्यांनी, दुपारचीच वेळ, दादाचा फोन आला. म्हणाला, ‘आईला बोलायचंय तुझ्याशी.’ आणि फोनमधून आई बोलली. आईच! ‘पोरी — मी रागावले नाही — ये.’ अहो, मला वाटलं वाचा आली तिची! गळ्यात मापाची टेप तशीच, हातात खडू, दुकान उघडं टाकून पळाले मी. रस्त्यात एका अनोळखी बाईला सांगितलं, माझी आई बोलली म्हणून. जिने चढले, आत गेले, आई खुर्चीत बसलेली, मी म्हटलं, ‘आई, आले बघ.’ तिने तोंड उघडलं, आणि — नुसतं ‘अं, अं’. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मी दादाकडे बघितलं, तर तो जमिनीकडे बघत उभा.

तेव्हा कळलं. ‘रागावले नाही’ — ते राजावरचं! भांड्याचं! ‘पोरी’ म्हणायची ती पाव देताना. आणि ‘ये’ कुठून काढलं देव जाणे, कुणाला तरी ‘उद्या ये’ म्हणाली असेल. तीन वाक्यं कापून एक केलं. मी शिवणारी बाई, मला जोड दिसायला हवा होता ना? ‘पोरी’ नंतर श्वासच नाही, आणि ‘ये’ दुसऱ्याच दिवसाचं, सर्दी झालेलं. पण ऐकताना नाही कळलं. ऐकायचं होतं तेच ऐकलं मी. मग जे तोंड सुटलं माझं! ‘ती मेली नाही अजून, तिच्या तोंडी तू शब्द कसे घालतोस? तुझ्या बाहुल्या आहोत का आम्ही?’ दादा म्हणत होता, ‘तू येतच नव्हतीस, मी काय करू? ती रोज दाराकडे बघते.’ आणि आई सगळं ऐकतेय. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं थोडंच आहे? पण मी तिच्याकडे बघितलं नाही. निघून आले. चार वर्षं झाली. आणि त्यानंतर त्याने तेच वाक्य खेळात घातलं, नावाडीण म्हातारीच्या दारात येते तिथे, आणि लाखभर लोक रडले. दादा दर महिन्याला निरोप पाठवतो फोनवर. मी उघडत नाही. त्याला काय सांगू? की राग तुझा नाही आला? राग कसला — ते वाक्य खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं. आई तसं म्हणणंच शक्य नव्हतं. कारण — गिऱ्हाइकं आपणहून नाही आली ताई. आईची मापांची वही होती. सोळा वर्षांची मापं, सगळ्यांचे पत्ते, कुणाचा खांदा उतरता, कुणाचा एक पाय आखूड. मी निघाले त्या दिवशी ती वही पिशवीत टाकली. एकेकाला घरी जाऊन भेटले. वही गेली हे आईला पहिल्याच सकाळी कळलं असणार. तिने दादालासुद्धा सांगितलं नाही. त्याला अजून वाटतं भांडण शिवणीवरून झालं.

हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही झिप बदलायला आलात. — बघा, बोलता बोलता सगळीच उसवली.

आता काय? नाही म्हणजे? आता नाही ते वाक्य? कधीपासून? — दोन महिन्यांपूर्वी खेळाची नवीन आवृत्ती आली? पण मला चष्मेवाला काही बोलला नाही. मग म्हातारी बोलते काय? — काहीच नाही? दाखवा. आहे का फोनमध्ये? कुणी खेळतानाचा व्हिडिओ असतो ना तसला? दाखवा ना. नको, राहू दे. — दाखवा. हात पुसते, थांबा.

ही मी. चालते कशी बघा, दादाने माझी चाल घेतलीय वाटतं, फताडी. ‘आत येऊ का?’ — हा माझा आवाज ना? किती बारीक होता. आणि ती बघतेय. बोलत नाही. हं. पुढे? — थांबवा. थांबवा थांबवा. मागे घ्या जरा. डावा हात आहे हा. हो ना? डाव्या हाताने बाकावर काय करतेय ती? परत दाखवा.

दोनदा थोपटलं.

हे कुणी सांगितलं त्याला? नाही, तुम्हाला नाही कळणार. मी शिकत होते तेव्हा माझी शिवण चुकली की आई ओरडायची नाही. एकदाही ओरडली नाही. शेजारी बाकावर असं थोपटायची, दोनदा — म्हणजे ये, बस, उसवू आपण. दुसऱ्या कुणाला नाही करायची, फक्त मला. आणि हे दुकानात व्हायचं, दादा कधी दुकानात फिरकला नाही, त्याला टाचणी आणि सुई यांतला फरक कळत नाही. त्याला हे माहीत असणं शक्यच नाही! — काय लिहिलंय? नवीन आवृत्तीबरोबर दादाने लिहिलंय? वाचा. मोठ्याने वाचा, माझा चष्मा कुठे आहे — वाचा तुम्हीच.

‘म्हातारीचं बोलणं काढून टाकलं आहे. ज्यांचा आवाज आहे त्यांना मी ते पहिल्यांदाच ऐकवलं. त्यांनी मान हलवली, हे मी म्हटलेलं नाही. मग काय म्हणायचं असं विचारलं, तर त्यांनी हे करून दाखवलं. मला याचा अर्थ माहीत नाही. तीन दिवस रोज विचारलं, त्यांनी रोज हेच केलं. जसंच्या तसं उतरवलं आहे.’

अर्थ माहीत नाही म्हणे. वेडा. मला विचारायचं ना. — विचारलं असेल. दर महिन्याला निरोप येतो म्हटलं ना, कुठल्या तरी निरोपात तेच असेल. दोन महिने! दोन महिने ती तिथे बाकावर थोपटतेय आणि मी इथे लोकांच्या पँटी आखूड करतेय.

उठा. नाही, रागावले नाही, उठा फक्त. हा घ्या कोट, असाच घेऊन जा. हो, झिप नाहीये, मला दिसतंय की झिप नाहीये! हाताने धरा पुढून, काही होत नाही. उद्या? उद्याचं मला माहीत नाही, परवाचंही नाही. चष्मेवाल्याला सांगा, कुणी आलं तर आईकडे गेलीय म्हणावं. ती टेप द्या — नको, राहू दे तिथेच. सरका ताई. मला शटर ओढू द्या.