समोरचा थांबा

“‘भावाला सांग, मी त्याला माफ केलंय.’ आईनं जाताना तुला सांगितलं, तू हो म्हणालीस. तीन महिने झाले, ताई.”

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. माझा जप ओठांतच राहिला.

“सांगेन गं.”

“दादाला घाबरतेस?”

“त्याला? लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय!”

“मग बायबलमधला योना देवाचा निरोप न सांगता पळाला, तशी पळतेस कशाला? त्याच्याकडची बस समोरून सुटते.”

“योना कुठे घाबरून पळाला? देव शत्रूच्या निनवे शहराला माफ करणार, हे त्याला ठाऊक होतं. तेच नको होतं त्याला.”

“आणि तुला?”

“आईच्या आजारपणात एकदाही फिरकला नाही तो. आता आयती माफी?”

“माफी आईची आहे, ताई.”

आमची बस आली. धाकटी चढली, मीही चढले. खिडकीतून पाहिलं, तर ताई रस्ता ओलांडत होती.