तीन डब्यांचा सौदा

...आन् वर मलाच म्हणतोय, "काका, सिस्टिम तुमची झकास आहे, फक्त डॅक बदला!" फक्त! ह्यो 'फक्त' शब्द ज्यानं काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा, पावणं. सीडी प्लेअर झाला, ॲम्प्लिफायर झाला, कंबरंएवढं उंच स्पीकर झालं, सोप्यात पाय ठेवायला जागा न्हाय, पावणा आला तर त्याला स्पीकरवर बसवू का काय, आन् ह्यो म्हणतोय खरी गोम त्या डॅकमधी हाय! मग आधी सांगायचं की!

ह्यो म्हंजे प्रसेनजीत. कसबा बावड्यात आमच्या समोरच्याच घरात राहतोय, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय. माणूस गुणाचा, पर शिकवायची खोड हाय. मी इचारलं, "बाबा, डॅक म्हंजे काय?" तर म्हणतोय, "काका, सीडीत गाणं नसतंच. नुसते आकडे असतात. शून्य आणि एक." म्हटलं, "मग गाणं कुठं गेलं?" "ते आकड्यांवरून परत तयार करायचं. ते काम डॅकचं." म्हटलं, "म्हंजे गुळाचा परत उसाचा रस करायचा म्हण की!" बिचारा म्हणाला, "तसंच समजा."

आता तुमास्नी वाटंल, ह्यो मृत्युंजय, गुळाचा अडत्या, ह्याला कुठला आलाय नाद? न्हाय हो! मला कसला नाद न्हाय. माझी बायकू गात हुती. शिवगंगा. माहेर तिचं संकेश्वराकडचं, घरात कन्नड, दारात मराठी, दोन्हीत बसवाची वचनं म्हणायची. शहाण्णव साली बसव जयंतीला मठात गायली, तवा एका स्टुडिओवाल्यानं चांगला माईक लावून चाळीस मिनटं रेकॉर्ड केलं. नव्व्याण्णव साली तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता बोलती ती नुसत्या वाऱ्यानं, कागद सरकवल्यागत. सात वर्सं झाली. त्या रेकॉर्डची स्टुडिओवाल्यानं सीडी काढून दिली, आन् ती लावली की असं वाटायचं, शिवगंगा पलीकडच्या खोलीत गातीया आन् मधलं दार कुणीतरी लावून घेतलंय. मला ते दार उघडायचं हुतं, बस्स. त्याच्यासाठी ह्यो सगळा उपद्व्याप. तिचा आवाज एकदा, एकदाच, हुता तसा ऐकायचा. डोक्याला कळून काय करायचंय? कानाला कळाय पायजे की!

तर प्रसेनजीतनं तीन डबं आणलं. पुण्याच्या दुकानदाराची ओळख काढून दोन आणलं, आठ दिवस ऐका आन् मग सांगा म्हणून. एक त्याचा स्वतःचा, पोरांस्नी शिकवायला जुळवलेला, साबणाच्या डबीएवढा, झाकणाला रबरबँड लावलेला. दुसरा चांदीगत चकचकीत. आन् तिसरा? गुळाचा रवा, तीस किलोची ढेप, परवडला! दोघांनी धरून आणला. त्याला म्हणं आधी अर्धा तास गरम करायला लागतंय. आता लोडशेडिंगच्या दिवसांत अर्धा तास गरम करायचं म्हंजे, ह्यो गरम होतोय न होतोय तवर लाईट जाणार, मग परत गार, परत गरम... दोन दिवस आम्ही त्याला नुसता शेकत बसलो! तिसऱ्या दिवशी लाईट ऱ्हायली तर कारखान्याचा भोंगा झाला. शिवगंगा नुसती दारात उभी राहून बघत हुती. हळूच म्हणाली, "साकु, री." तिच्या कन्नडात म्हंजे, 'पुरे आता, अहो.' मी म्हटलं, "गप, ऐकू दे!" आता बघा की, ज्या बाईला आवाज न्हाय तिला मी गप म्हणतोय.

मग मी म्हटलं, प्रसेनजीत, तुझ्या पुस्तकातलं ऱ्हाऊ दे बाजूला. त्यो कागद घेऊन बसलावता, ह्याचं इतकं बिट, त्याचं तितकं किलोहर्ट्झ. म्हटलं, गूळ कवा कागदावर घेतलाय का कुणी? आमच्या मार्केटात सौदा कसा होतोय बघितलायस? कलमाची, म्हंजे एकेका शेतकऱ्याच्या मालाची, थप्पी लावलेली असतीया, शेतकऱ्याचं नाव सांगायचं न्हाय, नुसता नंबर. खरीददारानं रव्याचा कपचा काढायचा, जिभंवर ठेवायचा, तोंडावरची रेघ हलू द्यायची न्हाय, आन् बोली करायची. तीस वर्सं मी ते करतोय! शिरोळकडच्या खारवट रानाचा गूळ मी डोळं झाकून सांगतो. पिवळाधमक रवा बघून गुजरातची पेठ भुलती, मी नुसता वास घेऊन सांगतो ह्यात हैड्रोस, रंग उजळायची पावडर, मारलाय म्हणून. सांगायला कागद कशाला? जिभंला कळाय पायजे, आन् हितं कानाला कळाय पायजे की!

झालं. घरात सौदा लावला! तिन्ही डब्यांवर पोत्याचं तुकडं टाकलं, एक-दोन-तीन नंबर घातलं. नंबर कुठल्या डब्याचा कुठला, ते नुसतं प्रसेनजीतला ठावं. त्यो मागं बसून वायरी बदलणार. त्यानं एक शाणपणाची गोष्ट मातूर केली, तिन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केला. म्हणाला, "काका, जो मोठ्यानं वाजतो तो चांगला वाटतो, माणूस फसतो." म्हटलं, हे पटलं बाबा, वजन सारखं असल्याबिगर सौदा न्हाय.

आन् बोली करायला कोण? मी, आमच्या दुकानातला तोलाईदार आकाराम, आन् शिवगंगा. ती नगं नगं म्हणत हुती. म्हटलं, "अगं, तुझाच माल, तू नसलीस तर कसं?" बसली मग कोपऱ्यात, पदर गळ्याभोवती घेऊन. ऑपरेशनपासनं ती तसाच पदर घेती, वण झाकायला.

आता ह्या आकारामचं काय सांगू! पंचवीस वर्सं माझ्याबरोबर काटा धरून उभा ऱ्हायलेला माणूस. गाणं लागलं की त्यो जीभ टाळूला लावायला लागला! चव बघतोय! तिन्ही नंबर ऐकलं, चटाचटा जीभ वाजिवली आन् म्हणतोय, "आण्णा, तीन नंबर. पयल्या प्रतीचा माल हाय." माझा बी तीनच हुता. छाती अशी फुगली म्हणून सांगू! म्हटलं, "आकाराम, शाब्बास! कशावरनं वळाखलास?" तर म्हणतोय, "त्यात काय, आण्णा? तीनला तुमचं डोळं मिटलं की!" म्हंजे ह्यो बाबा गाणं ऐकतच नव्हता, माझं थोबाड वाचत हुता! सौद्यात जन्म गेल्याला, खरीददाराचा डोळा बघायची सवय, त्यो तरी काय करणार... अहो, शेवटी कानाला कळाय पायजे की!

प्रसेनजीतनं पोतं उचललं. तीन नंबर म्हंजे त्यो रव्यागत जड डबा. मग मी शिवगंगाकडं वळलो. "तुझा कुठला?" तिनं एक बोट वर केलं. एक नंबर. पोतं उचललं तर काय? रबरबँड! मला हसू आवरंना. आकाराम बी हसला, मी हसलो म्हणून. "अगं शिवगंगा," म्हटलं, "गाणारी तू, आन् तुलाच कळंना व्हय? त्यात निम्मं सूर गायब हाईत!" ती उठली. चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोठा डबा गरम करून एकटा ऐकत बसलो. पावणं, काय सांगू तुमास्नी! दार उघडलं, सताड उघडलं! शिवगंगा माझ्यासमोर, हितं, हाताच्या अंतरावर. तंबोऱ्याची तार येगळी, तबल्याची शाई येगळी, मठाच्या अंगणात कुणाचं तरी पोर रडत हुतं ते येगळं. ती श्वास घेती ते ऐकू यायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला. मी खुर्चीवरनं उठून उभा ऱ्हायलो, खोटं न्हाय सांगत, बायकू आली की नवरा उठतोय का कवा? मी उठलो.

आन् तिसऱ्या वचनाला, वरच्या षड्जाला जाताना... खर्र. बारीक. भाकरीत खडा लागावा तसं. मी म्हटलं, सीडीला चरा गेलाय. पुसली. परत लावली. खर्र. प्रसेनजीतला हाक मारली, "अरं, तुझा डबा खरखरतोय!" त्यो पळत आला, वायर बदलली, सॉकेट बदललं, स्पीकर बदलून बघितलं. खर्र. मग हेडफोन लावून त्यो लई येळ ऐकत बसला, तिसरं ऐकलं, चौथं ऐकलं, पाचवं ऐकलं. हेडफोन काढला आन् माझ्याकडं बघंना. म्हणाला, "काका, डबा बरोबर आहे. हे रेकॉर्डिंगमधेच आहे." "म्हंजे?" "म्हंजे... काकूंचाच आवाज आहे तो. प्रत्येक वरच्या सुराला आहे. आधी त्या हळूच घसा साफ करतात, मग येतो."

शहाण्णव सालची बसव जयंती. आन् आम्ही डाक्टरकडं गेलतो कवा? अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर! डाक्टरनं इचारलं हुतं, "आवाज कधीपासून बसलाय?" तवा ती तोंड उघडायच्या आत मीच बोललो, छाती काढून, "झाला असंल एक म्हयना." एक म्हयना! अडीच वर्सं, पावणं! अडीच वर्सं ते तिच्या घशात हुतं. माझ्याशेजारी बसून ती जेवायची, बोलायची, सांच्याला पूजंला बसून म्हणायची, आन् मी, त्यो शाणा, हातभर लांबनं रव्यातला हैड्रोस सांगणारा! डाक्टर तवा म्हणाला हुता, वर्सभर आधी आला असता तर आवाज वाचला असता. मी आजवर समजत हुतो, त्यो सगळ्यांनाच तसं म्हणतोय.

मी आत गेलो. ती परातीत तांदूळ निवडत बसल्याली. मी समोर फरशीवरच बसलो, म्हटलं, "शिवगंगा, खरं सांग. काल एक नंबर का दाखिवलास?"

तिनं खडा काढला, बाजूला टाकला. म्हणाली, "त्यात मी बरी हाय, री."

 मग म्हटलं, "तुला ठावं हुतं? तवाच?"

"गाणाऱ्याला कळत न्हाय व्हय?"

"मग मला सांगायचं न्हाय का गं?"

आता ऐका. तिच्या त्या वाऱ्याच्या आवाजात, अजिबात राग न्हाय, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "सांगितलतं की. सौद्याला निघालावतासा, पायात चपला घालत हुतासा. म्हटलं, घसा धरतोय, गाताना दुखतंय. तर तुम्ही म्हणालासा, गुळाचा खडा धर तोंडात, मोकळा हुईल."

गुळाचा खडा! आन् धरला हुता म्हणं तिनं. रोज धरायची. माझ्याच दुकानातला, पयल्या नंबरचा. मला ते आठवत बी न्हाय, पावणं. चपला आठवत्यात, सौदा आठवतोय, त्या दिवशी कुणाचा माल काय भावानं गेला ते बी एकादे येळेस सांगीन. ती बोललेली न्हाय आठवत. मी तिथंच तिच्या परातीत तोंड घालून रडलो. ती म्हणती, "साकु, री, तांदूळ भिजत्यात." मी हसलो बी आन् रडलो बी. कानाला कळाय पायजे, कानाला कळाय पायजे म्हणून गावभर वरडत फिरलो, आन् कान कुठं हुतं माझं?

सांच्याला प्रसेनजीतला म्हटलं, त्यो मोठा डबा पाठवून दे माघारी, चांदीवाला बी दे, आन् तुझा साबणाच्या डबीचा मला ठेव. त्यो शिकवायला लागला, "काका, त्यात डिटेल काहीच नाही हो." म्हटलं, म्हणूनच. रबरबँड तेवढा नवा घाल.

आता रोज लावतो. दार लावल्यागतच येतोय आवाज, निम्मं सूर गायब. शिवगंगा शेजारी बसून ऐकती, मधनं मांडीवर ताल धरती. मार्केटात मातूर सगळ्यांस्नी कळलंय. परवा सौद्याला समद्यांच्या देखत आकाराम इचारतोय, "आण्णा, येवढं तीन डबं आणून बघितलासा, आन् शेवटी कमी ऐकू येतंय त्योच का वो ठिवलासा?"

म्हटलं, "अरं बाबा, कमी ऐकायची सवय हाय मला. संसारच तसा झालाय."